खालून येणारा वारा

रबाळ्यातल्या एका कारखान्याचं पोर्च उडालं ते माझ्यामुळे, आणि बोल लागला शिरसाट बाईंना. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर बाईंबद्दल चांगलं लिहिता लिहिता मीच उगाच चांगला दिसेन.

वाशीतल्या आमच्या डिझाइन ऑफिसात बाई आमची गणितं तपासत. मूळच्या जालन्याच्या. कुठल्याही पोर्चखाली जाण्याआधी त्या बाहेर थांबून बघत: पत्रा कशाने धरलाय, खांब कशात रोवलाय. भर पावसातसुद्धा. माझ्या लग्नात अक्षता पडायची वेळ झाली तरी बाई मांडवाबाहेरच, मांडववाल्याला विचारताहेत, "खाली बांधलंय का बाबा, का नुसतंच टेकवलंय?"

नवा इंजिनिअर आला की बाई त्याला गच्चीवर नेत आणि ड्रॉइंग बोर्ड डोक्यावर आडवा धरायला लावत. खाडीवरून वारा सुटलेला असे. माझा बोर्ड हातातून निसटून पाण्याच्या टाकीवर आपटला.

"कळलं का सामंत? बंद शेडला भिंती असतात, खालून वारा शिरत नाही. उघड्या पोर्चचं छप्पर वारा वरून ओढतो आणि खालून ढकलतो. दोन्ही हिशेबात धरायचे. सगळे छप्पर पडेल म्हणून घाबरतात, मी उडेल म्हणून घाबरते."

आम्ही त्यांना पाठीमागे 'पतंगबाई' म्हणायचो.

एवढं शिकून मी काय केलं? रबाळ्याच्या पोर्चला शेजारच्या बंद शेडचेच आकडे लावले. शनिवार होता, घरी जायची घाई होती. सही करण्याआधी बाईंनी विचारलं, "खालून येणारा वारा धरलास?"

"हो, बाई."

सगळ्यांची पानं त्या ओळ न् ओळ तपासत. त्या दिवशी मात्र माझ्या शब्दावर सही केली.

मे अखेरच्या वादळात ते पोर्च बोल्टांसकट उपटलं आणि मालकाच्या नव्या गाडीवर उपडं झालं. खाली माणूस नव्हता, हे नशीब. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तपासलं कुणी?"

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "सही माझी आहे," म्हणाल्या.

मी टेबलावरचा खोडरबराचा भुगा गोळा करत राहिलो. बाईंचं तपासणीचं काम गेलं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी नकाशांची कपाटं सांभाळली. तपासणी कुणाकडे आली? माझ्याकडे. चोख काम करतो म्हणून.

पुढे बाई नेरूळला राहायला गेल्या. त्यांच्या सोसायटीने नवं पोर्च करायचं ठरवलं आणि ते डिझाइन नेमकं माझ्याकडे आलं. काम झाल्यावर बघायला गेलो तेव्हा पाऊस होता. बाई बाजारातून आल्या आणि छत्री धरून बाहेरच थांबल्या.

"कुणाचं डिझाइन?"

"माझं, बाई."

"खालून येणारा वारा धरलास?"

"या वेळी धरलाय. तेव्हा धरला नव्हता, बाई. धरलाय म्हणून खोटं बोललो, आणि तुम्ही माझ्यामुळे ऐकून घेत होतात तेव्हा गप्प बसलो. मला माफ करा."

बाईंनी खांबाच्या बुडाकडे पाहिलं, मग वर.

"उद्या आकडे आणून दाखव," म्हणाल्या. आणि छत्री मिटून पोर्चखाली आल्या.