कुणाला हसू आलं?

जुन्नरच्या पेठेत अकबरभाईंचं गाद्यांचं दुकान आहे. त्याच्या मागच्या अर्ध्या भागात त्यांच्या बायकोनं, नजमुन्निसानं, लायब्ररी थाटलीय. सगळे तिला नजमाआपा म्हणतात. पोरं गुंडाळलेल्या गाद्यांवर लोळत वाचतात आणि केसांत कापूस घेऊन घरी जातात. आम्ही जवळच्या मढ गावचे. रविवारी बाजाराला आलो की बारा वर्षांच्या हर्षालीला, म्हणजे माझ्या लेकीला, आपाकडं सोडायचं आणि आपण बाजार करायचा, हे ठरलेलं.

आपा म्हणजे सरळसोट बाई, कुणाची भीडभाड नाही. मरणाची, भुताखेतांची, अपघातांची चेष्टा करणारी पुस्तकं तिनं एका वेगळ्या फळीवर ठेवलीत, आणि पोरांचा डोळा नेमका त्याच फळीवर. ती वय विचारत नाही. समोर बसवून एक पान मोठ्यानं वाचायला लावते. पोरगं हसलं की विचारते, "कुणाला हसू आलं?" रडणाऱ्याला हसलं, लंगड्याला हसलं, तर पुस्तक परत फळीवर. "अजून थांब थोडं," एवढंच म्हणते. स्वतःच्या मुआजला तिनं चांगलं मिसरूड फुटेपर्यंत थांबवलं. रामदास कंडक्टरला तर टक्कल पडल्यावरही थांबवलंय, आणि त्यावरून पोरं त्याला अजून छळतात.

हे सगळं मला ठाऊक होतं, तरी माझं डोकं फिरलंच. सांगते का ते.

माझे सासरे भगवंतराव दोन महिन्यांपूर्वी वारले. तेव्हापासून हर्षाली घुमी झाली होती. ताट वाढून हातात दिलं तर जेवायची, नाहीतर तशीच बसायची. आणि गेल्या आठवड्यात बघते तर पोरगी पडवीत पोट धरून हसतेय. मला आधी बरंच वाटलं. मग तिच्या बापानं, सयाजीनं, तिच्या हातातलं पुस्तक घेऊन बघितलं. त्यात दहाव्याचा पिंड मांडलेला आणि वर झाडावर कावळा, सगळी थट्टाच थट्टा.

आमच्यात पिंडाला कावळा शिवला की गेलेला माणूस सुखानं गेला म्हणायचं. नाही शिवला, तर त्याचा जीव कशात तरी अडकलाय. सासऱ्यांच्या पिंडाला कावळा शिवलाच नव्हता. ऊन डोक्यावर आलं तरी आम्ही सगळे नदीवर हात जोडून उभे. कुणी म्हणालं, धाकट्याचं लगीन लावून देऊ. कुणी म्हणालं, बैल इकणार न्हाई. कावळा काही खाली येईना. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि मान खाली घालून घरी आलो. आणि त्याच गोष्टीवर या बाईनं माझ्या पोरीला हसायला लावावं? मला लई राग आला.

रविवारी आम्ही पोरीला घेऊन तडक दुकानात गेलो.

"आपा, आमच्या घरात मयत झालंय, ठावं न्हाई का तुमाला?" सयाजी दारातूनच म्हणाला. "पोरीला असलं पुस्तक देता?"

"आणि आमच्या रीतीची टिंगल कशाला?" मीही सुनावलं.

अकबरभाई गादीला टाके घालत होते, ते थांबले. आपा जागची हलली नाही.

"मयत ठावं हाय म्हणून तर दिलं, सयाजीभाऊ," ती म्हणाली. "चुकून न्हाई गेलं ते. टिंगल रीतीची हाय का माणसांची, ते वाचून ठरवा. पोरगी पान वाचून हसली, तवा मी तिला इचारलं, कुणाला हसू आलं? तिनं जे सांगितलं, ते ऐकून मी पुस्तक दिलं. आता तुमी इचारा तिला. तिचं बोलणं मी न्हाई सांगणार."

सयाजीनं लेकीकडं बघितलं. "कुणाला हसलीस गं?"

"कावळ्याला," हर्षाली म्हणाली. "पप्पा, त्याला एकाच दिवशी तीन गावांत दहावं असतं. चौथ्या गावात येईस्तवर पोट टम्म. खाली माणसं रडून रडून काय काय कबूल करतात आणि हा वर बसून ढेकर देतो." मग तिचा आवाज बारीक झाला. "आणि मला माझंच हसू आलं. मला वाटायचं, आपला कावळा माझ्यामुळं आला न्हाई. आजोबांनी विड्याचं पान कुटून मागितलं व्हतं, मी मोबाईल बघत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. दहाव्याला सगळे बोलले. मला कुणी इचारलंच न्हाई."

दोन महिने पोरगी हे उरात घेऊन फिरत होती आणि मी रोज आपली जेवलीस का म्हणून विचारत होते.

सयाजी गादीवर टेकला. पुस्तक उघडून त्यानं ते पान वाचलं. हसला नाही. पुस्तक मिटून लेकीकडं वळला.

"तुजं काय न्हाई गं त्यात," तो म्हणाला. "घरी ने, घरी ने म्हणत व्हते मला. डॉक्टर सोडंनात, मग मीबी न्हाई नेलं. तितंच गेले ते. नदीवर सगळे बोलले, मी एवढं न्हाई बोललो. मला वाटत व्हतं, कावळा माझ्याच बोलण्यासाठी थांबलाय."

हर्षाली त्याच्याजवळ जाऊन बसली.

"पप्पा," ती म्हणाली, "त्याचं पोट भरलं व्हतं."