पाय टेकला, नापास

आमच्या परवाना कार्यालयाच्या मागे एक मैदान आहे. त्यावर चुन्याने आठचा मोठा आकडा काढलाय आणि त्याच्या बाजूला लोखंडी खुर्चीत सव्वीस वर्षं एकच माणूस बसतो. दुचाकीचा परवाना हवा असेल तर त्या आठवरून गाडी फिरवायची आणि पाय जमिनीला लावायचा नाही. लागला की संपलं. खुर्चीतला माणूस फॉर्मवर तीन शब्द लिहितो: पाय टेकला, नापास. लोक त्यांना आठसाहेब म्हणतात. मी त्या फॉर्मवर शिक्के मारणारा कारकून. मीही दोनदा नापास झालोय आणि म्हणून ऑफिसला चालत येतो. माझ्या सांगण्यात थोडा डूख जाणवला तर तो आहेच असं समजा.

साहेबांना वशिला चालत नाही. मोठ्या साहेबांचा मेहुणा नापास झाला. साहेबांची दाढ काढणारा डॉक्टर नापास झाला, तोही दाढ अर्धी काढून झालेली असताना. आणि साहेबांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, तीनदा नापास झाल्या. "घरच्या माणसाला सोडलं असं कुणी म्हणायला नको," साहेब म्हणाले. कुणी म्हणत नव्हतं. आमच्या ऑफिसात दुसरा परीक्षक नाही, त्यामुळे वहिनींना दुसरं दारही नव्हतं.

वहिनी घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करतात. दिवसभर मशीनच्या पायट्यावर पाय. कधी दाबायचा, कधी सोडायचा हे त्या पायाला बरोबर कळतं. त्यांना परवाना कशाला हवा होता, तर बाजारात जायला नव्हे. लग्नाला बावीस वर्षं झाली, दर वर्षी साहेब त्यांना मोटरसायकलवरून सहलीला नेतात. "तीन जिल्हे पाहिलेत मी," वहिनी मला म्हणाल्या होत्या, "दोन ह्यांच्या डाव्या खांद्यावरून, एक उजव्या. एकदा तरी मला रस्ता समोरून बघायचाय."

यंदाची सहल डोंगरातली होती. पाच दिवस, नुसता घाट आणि जंगल. निघण्याच्या आदल्या दिवशी वहिनींनी साहेबांना सांगून टाकलं, "आल्यावर मी चौथ्यांदा परीक्षा देणार. नापास केलंत तर करा. पण मग मी मागेही बसणार नाही, कधीच." साहेब म्हणाले, "नियम नियमाच्या जागी." वहिनी म्हणाल्या, "आणि मी माझ्या." मग दोघं बॅगा भरायला लागले.

पुढची हकिगत मी दोघांकडूनही ऐकली आहे. त्यातली वहिनींची धरतो, कारण साहेबांच्या हकिगतीत मोटरसायकल आपली आपणच पडते.

पहिले दोन दिवस साहेबांनी जंगलाला वाहतुकीचे नियम शिकवले. चिटपाखरू नसलेल्या वळणावर ते आधी दिवा लावायचे, मग हात दाखवायचे, मग हॉर्न वाजवायचे. एका फाट्यावर पांढरी रेघ दिसली म्हणून थांबले. ती रेघ नव्हती, पक्ष्यांची करणी होती, तरी ते पूर्ण थांबले आणि दोन्ही बाजूंना बघून मग निघाले. वेग चाळीस. मागून आलेली सायकल त्यांना उतारावर ओलांडून गेली तेव्हा साहेबांनी तिचा नंबर बघायचा प्रयत्न केला. वहिनी म्हणाल्या, "अहो, तो धबधबा बघा." साहेब म्हणाले, "मागच्या माणसाने हलायचं नाही." धबधबा मागे गेला. मग एक दरी गेली, मग एक हरणांचा कळप गेला. साहेबांना विचाराल तर तिथे फक्त मैलाचे दगड होते.

तिसऱ्या दिवशी घाटमाथ्याच्या खाली एक अवघड वळण आलं. रस्त्यावर बारीक खडी पसरलेली आणि समोरून लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक. साहेबांनी नियमाप्रमाणे कडेला घेतलं, नियमाप्रमाणे वेग कमी केला, इतका कमी केला की गाडी जवळपास उभीच राहिली आणि डावीकडे कलायला लागली. अशा वेळी कुणीही पाय टेकतो. दूध घालणारा टेकतो, मंत्री टेकेल. साहेबांनी टेकला नाही. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे पाय मोजून त्यांचा स्वतःचा पाय खाली यायचं विसरून गेला होता. दोन्ही पाय पायट्यांवर शिस्तीत ठेवून, हँडल सरळ धरून, ते गाडीसकट सावकाश आडवे झाले. मोडेन पण वाकणार नाही, असं लोक नुसतं म्हणतात. साहेबांचा घोटा खरंच मोडला.

वहिनींनी मागच्या मागे पाय टेकला होता. त्या उभ्या होत्या.

ट्रकवाला आणि त्याचा जोडीदार खाली उतरले, गाडी उचलली, साहेबांना दगडावर बसवलं. ट्रकवाल्याने विचारलं, "पाय का नाही टेकलात?"

"टेकायचा नसतो," साहेब म्हणाले.

ट्रकवाल्याने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी दरीकडे पाहिलं. पुढचा दवाखाना घाटापलीकडे चौदा किलोमीटरवर होता, मागचा साठ. ट्रक मागच्या दिशेला चालला होता, तरी तो भला माणूस न्यायला तयार झाला. साहेबांनी, घोटा टम्म सुजलेला असताना, त्याला विचारलं, "केबिनमध्ये किती माणसांची परवानगी आहे?" दोघांची होती आणि दोघं होते. साहेबांनी नकार दिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, पण इथे सुंभ अजून जळतच होता. ट्रकवाला मान हलवत निघून गेला.

"आता?" साहेब म्हणाले.

"आता मी चालवते."

"तुझ्याकडे परवाना नाही."

"शिकाऊ आहे. मागे परवानावाला बसला की चालतं. तुम्हीच सांगता सगळ्यांना."

साहेबांनी तोंड उघडलं, नियम मनातल्या मनात वरपासून खालपर्यंत तपासला आणि तोंड मिटलं. मग ते बावीस वर्षांत पहिल्यांदा मागे बसले.

वहिनींनी चौदा किलोमीटर गाडी चालवली. वळण आलं की पाय खाली, खडी दिसली की पाय खाली, जरा शंका आली तरी पाय खाली. समोर सगळा रस्ता त्यांचा होता. झाडांच्या शेंड्यांवर ऊन होतं, एका वळणावरून तीन डोंगर एकदम दिसले, आणि ते बघायला मध्ये कुणाची पाठ नव्हती. "मला रडू येत होतं," त्या मला म्हणाल्या. "मागे हे कण्हत होते आणि मी आनंदाने रडत होते. लाज वाटली, पण थांबवता येईना."

एका ठिकाणी ओढा रस्त्यावरून वाहत होता आणि डाव्या हाताला कठडा नव्हता. मधोमध चाक सरकलं. वहिनींनी पाय टेकला, पाण्यात, घोट्यापर्यंत, आणि गाडी, सामान, नवरा सगळं त्या एका पायावर तोलून धरलं. मागून दोन हात आले आणि त्यांच्या कमरेला घट्ट धरून राहिले. ओढा संपला तरी सुटले नाहीत.

दवाखान्याच्या दारात गाडी लावल्यावर साहेब म्हणाले, "एकोणीस."

"काय एकोणीस?"

"एकोणीस वेळा पाय टेकलास."

"आणि पडलो किती वेळा?"

साहेब लंगडत आत गेले.

तीन आठवड्यांनी वहिनी परीक्षेला आल्या. साहेब खुर्चीत, प्लास्टरचा पाय स्टुलावर. मी शिक्का घेऊन बाहेर येऊन उभा राहिलो, चहावाला आला, मोठे साहेबही खिडकीत आले. वहिनींनी आठ इतका सफाईने घेतला की चुन्याला धक्का लागला नाही. आणि शेवटच्या वळणावर, खडी नाही, ओढा नाही, काहीच नसताना, त्यांनी गाडी थांबवली, डावा पाय शांतपणे जमिनीवर टेकवला, साहेबांकडे पाहिलं, पाय उचलला आणि आठ पुरा केला.

साहेबांनी पेनचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. मग त्यांनी लिहिलं आणि फॉर्म माझ्यापुढे धरला. पहिले दोन शब्द नेहमीचेच होते. पाय टेकला. पुढे लिहिलं होतं: वेळेवर टेकला. पास.

मी शिक्का मारला. जन्मात इतका जोरात मारला नव्हता.

पुढचा उमेदवार बेकरीवाला. त्याने सगळं पाहिलं होतं, त्यामुळे पहिल्याच वळणावर त्याने ऐटीत पाय टेकला आणि हसतच खुर्चीपाशी आला. साहेबांनी मान खाली घालून लिहिलं: पाय टेकला, नापास.

"अहो साहेब," बेकरीवाला म्हणाला, "आत्ता त्या बाईंनीही टेकला की."

"त्यांच्या मागे मी बसलो होतो," साहेब म्हणाले आणि पुढच्याला हाक मारली.