अण्णांच्या हातातून सुटणारं चित्र

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळते. बिघाड आला की मला कंटाळा येत नाही, उलट हुरूप येतो. नेमकं कुठं अडलंय ते कळेपर्यंत मला चहासुद्धा गोड लागत नाही. तोंड मात्र माझं तिखट. कोणी म्हणालं, "मॅडम, कॉम्प्युटर नीट चालत नाही," की माझं उत्तर ठरलेलं: "नाचता येईना, अंगण वाकडं!"

टॉवेलवरची नक्षी आमच्याकडे अण्णा काढतात. घरी तेलुगू, जन्म सगळा मागाशेजारी गेलेला. आधी चौकटीच्या कागदावर काढायचे, साठीच्या आसपास माऊस धरला. मेनूतल्या इंग्रजीच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. फोल्डरमधलं मोराचं नाहीतर कुयरीचं चित्र बघून ओळखायचं, बटण दाबून उचलायचं, नक्षीच्या प्रोग्रामपर्यंत ओढत न्यायचं आणि तिथं सोडायचं. तेवढ्यावर त्यांचं झकास चाललं होतं.

मागच्या हिवाळ्यात एके दिवशी, जेवणाच्या सुट्टीनंतर, ते माझ्या टेबलाशी आले.

"पोरी, मालकाला सांग, ह्या महिन्यानंतर मी येनार न्हाई. माझा हात गेला की."

"म्हणजे?"

"चित्र उचलतो, पन तितं नेलं की सुटतंय. आठ दिस झाले. जुन्याच नक्षीचे रंग बदलून देतोय. माझ्या बापाचा हात असाच गेलता, मागावर."

"मग मला आधी का नाही सांगितलं?"

"तू म्हनली असतीस, अंगन वाकडं."

मी खजील झाले. त्यांच्या खुर्चीत जाऊन बसले. मोराचं चित्र उचललं, ओढलं. नक्षीच्या प्रोग्रामवर जाताच बाणाशेजारी तिरक्या रेघेचा गोल आला. बटण सोडलं, तर काहीच नाही.

"अण्णा, माझापण हात गेला!" मी आनंदानं ओरडले.

ते हसले नाहीत. "माझं मन राखतीस व्हय?"

आता मला राहवेना. तोच मोर दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकला, पडला. फोटो बघायच्या प्रोग्राममध्ये टाकला, तिथंही पडला. माऊस बदलला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. अण्णा मागे उभे होते, उजवा हात डाव्या हातात धरून. कुठंही टाका, मोर पडत होता. फक्त नक्षीचा प्रोग्राम त्याला घेत नव्हता. त्याचंच काय बिनसलं होतं?

मग त्या प्रोग्रामच्या चिन्हावरची बारकी ढाल दिसली आणि माझं मलाच आठवलं. आठवड्यापूर्वी त्यात फाइल सेव्ह होत नव्हती. शोधत बसायला वेळ नव्हता, म्हणून तो कायम 'अॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडेल अशी खूण मीच करून ठेवली होती. पण मोठ्या अधिकारानं चालणारा प्रोग्राम फोल्डरच्या साध्या खिडकीतून ओढून आणलेलं काही घेत नाही. सुरक्षेसाठी कॉम्प्युटरच तशी आडकाठी घालतो. हे मी वाचलेलं होतं, आणि साफ विसरले होते.

खूण काढली. सेव्ह करायच्या फोल्डरला हवी ती परवानगी दिली, जी खरंतर तेव्हाच द्यायला हवी होती. प्रोग्राम पुन्हा उघडला आणि माऊस अण्णांपुढे सरकवला. त्यांनी मोर ओढला, सोडला. मोर जागच्या जागी बसला.

"अण्णा, अंगण खरंच वाकडं होतं. आणि वाकडं मीच केलं होतं."

ते चिडतील असं वाटलं होतं. ते मोर ओढतच राहिले, चार वेळा, पाच वेळा.

"म्हंजे माझ्या हातातून सुटत न्हवतं?"

"नाही. तो घेतच नव्हता."

त्यांनी माऊस सोडला, तळहात उलटा करून बघितला आणि म्हणाले, "आठ दिस नातीला उचललं न्हाई मी. पाडीन म्हनून."

माझ्या एका टोमण्यापायी हा माणूस आठ दिवस गप्प बसला होता.

"मालकाला काय सांगितलं न्हाईस न्हवं?" त्यांनी विचारलं.

"नाही अण्णा."

"मग आज जरा लवकर जाऊ?"

"जावा की," मी म्हणाले. त्यांनी डबा पिशवीत टाकला आणि सायकलीकडे निघाले. तेव्हा तीनही वाजले नव्हते.