अष्टमायाचं कुलूप

नेपाळातल्या पाटणमध्ये आमच्या चौकाच्या कोपऱ्यात एक रिकामा कोनाडा आहे. बत्तीस वर्षांपूर्वी त्यातली उमामहेश्वराची मूर्ती चोरीला गेली. तरी अष्टमाया अजि (आजीला आमच्याकडे अजि म्हणतात) रोज सकाळी तिथे पाणी घालते, अक्षता वाहते आणि घंटा बडवते. परदेशी पाहुणे तिचे फोटो काढतात. एका वाटाड्याने त्यांना सांगितलं, इथले लोक शून्याची पूजा करतात.

"शून्याची नाही रे मेल्या," तव्यावरचा वो उलटत अजि म्हणाली, "चोरीची."

उडदाच्या या जाड धिरड्यांवर तिचं घर चालतं. मी तिच्या माडीवर भाड्याने राहतो त्याला अठरा वर्षं झाली. ती घंटा कोनाड्यासाठी नसून समोरच्या खिडकीसाठी आहे, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. त्या खिडकीमागे बेखानारान झोपतो. देवाचं आणि मयताचं सगळं पाहणारी आमची मंडळी म्हणजे गुठी; तो तिचा थकाली, म्हणजे सर्वांत वडील.

चोरी झाली तेव्हा कोनाड्याच्या जाळीचं कुलूप फुटलं नव्हतं, उघडं लोंबत होतं. चावी असायची बेखानारानकडे. माझी चावी दोन महिन्यांपूर्वीच जत्रेत हरवली, असं त्याने गुठीपुढे सांगितलं. जत्रेच्याच आठवड्यात अजिचा नवरा हिराकाजी तिथल्या विटा बसवून गेला होता. गवंड्याला चावी सापडली असणार, असं ठरलं आणि हिराकाजीला गुठीतून काढलं.

आमच्याकडे गुठीतून काढणं म्हणजे मेल्यावर खांदा न मिळणं. तीन वर्षांनी हिराकाजी गेला. चौकातली सगळी दारं बंद राहिली. त्याला शंखमूलच्या घाटावर नेलं ते भाजीची ओझी वाहणाऱ्या चार भारियांनी. वाटेत त्यातला एक विडी ओढत होता. अजिला ती विडी अजून आठवते.

देव नाही तर कुलूप कशाला, म्हणून त्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. ते अजिने घरी आणलं होतं. दाबून बंद केलं आणि दर शनिवारी त्याला मोहरीचं तेल पाजत राहिली.

"कशासाठी, अजि?"

"गंजू नये म्हणून. मीही गंजले नाही."

यंदा बेखानारानला सत्त्याहत्तर वर्षं, सात महिने, सात दिवस पुरे झाले. त्या दिवशी माणसाचा देव होतो. त्याला रथात बसवतात, मुलं-नातवंडं दोर ओढतात, सगळी देवळं फिरवतात. मग तो मरेपर्यंत देवच.

"तो देव होणार," अजि आठवडाभर एवढंच पुटपुटत होती. तिचे वो करपत होते.

त्या सकाळी तिने लाल काठाचं काळं लुगडं नेसलं. रथ कोनाड्यापाशी आला तेव्हा ती ताट घेऊन आडवी उभी राहिली. सनई थांबली. बेखानारान वर बसला होता, गळ्यात हार, कमरेला गुठीच्या चाव्यांचं जुडगं.

"बाजूला हो, अष्टमाया," तो म्हणाला.

"का? पूजा करायला आलेय. आज तू देव ना, बेखादाइ?" थोरल्या भावाला म्हणतात तसं दाइ म्हणत तिने त्याला टिळा लावला, अक्षता उधळल्या आणि कुलूप त्याच्या मांडीवर ठेवलं. "ही जागा बत्तीस वर्षं रिकामी आहे. उतर आणि बैस तिथे. नाहीतर हे उघड."

कोणीतरी हसलं. "म्हातारीला चढली वाटतं!"

बेखानारानचा थोरला मुलगा पंचलाल वैतागला. रथ मागे फिरवता येत नाही आणि पुढे ती उभी. "आणा इकडे, अजि. एकही चावी लागली नाही तर बाजूला व्हायचं. कबूल?"

"कबूल."

"पंचे, नको," बापाने कमरेवर हात दाबला. पंचलालने तो हसत बाजूला केला. बापाच्या पेटीतल्या जुन्या चाव्याही सुनेने सणासाठी राखेने घासून जुडग्यात ओवल्या होत्या. देवाची चावी फेकायची नसते, हे आमच्याकडे चोरही पाळतो.

पहिली लागली नाही. दुसरी लागली नाही. तिसरी फिरली आणि कुलूप लोण्यासारखं उघडलं.

पंचलाल चावीकडे बघत राहिला. "बा, ही हरवली होती ना?"

धाकट्या मुलाने हातातला दोर सोडला. मग त्याच्यामागच्याने सोडला. दोर दगडी फरसबंदीवर पडला. बराच वेळ रथ तसाच उभा होता. शेवटी देव स्वतःच खाली उतरला आणि अनवाणी घराकडे चालत गेला. आधार द्यायला कोणी पुढे झालं नाही.

संध्याकाळी गुठीची पाच माणसं अजिच्या दाराशी आली. हिराकाजीचं नाव परत लिहितो म्हणाली. तिने मान हलवली.

"लिहा. आणि त्याचं नाव?"

"थकालीचं? अजि, म्हातारा आहे तो. आजच खचला."

"माझा नवरा खचला नव्हता?" ती म्हणाली. "त्याचं नाव खोडा. मग बसा, वो गरम आहेत."

कोणी बसलं नाही. ते गेल्यावर तिने तवा उतरवला आणि मला म्हणाली, "उद्या मंगल बाजारात जाशील ना? समोरच्या खिडकीसाठी चार भारिया बघून ठेव. विडी ओढणारे."