पलीकडच्या उसापर्यंत

पंचगंगा मला कधीच आवडली नाही. लोक घाटावर येऊन नदीला हात जोडायचे. मी पलीकडची कड किती लांब आहे तेच बघत बसायचो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आठवीतून शाळा सोडून चंदगडहून कोल्हापुरात आलो, त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. शिवाजी पेठेत एका गोठ्यावर कामाला होतो. झोपायला वैरणीशेजारी फळी, दोन वेळचं जेवण मालकीणबाईंच्या हातचं. हे उपकार होते, ते मी विसरलो नाही. म्हणूनच हा आसरा कधी सुटेल याची धास्ती असायची. मालक तोंडाचे फटकळ. गिऱ्हाईक असो की म्हैस, बोलण्यात फरक नाही.

दुपारी म्हशी नदीवर न्यायचं काम माझ्याकडे आलं आणि माझं बिंग फुटलं. मी पोहायला शिकलेला गावच्या विहिरीत, उजव्या हाताला भिंत ठेवून गोल गोल. बुडायचो नाही, पण उघड्या पाण्यात अंग आपोआप डावीकडे वळायचं. हिवाळ्यात पलीकडे ऊसतोड सुरू झाली की म्होरक्या म्हशीला हिरव्या वाड्याचा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या शेंड्यांचा, वास यायचा. ती नदी ओलांडायला निघायची, बाकीच्या तिच्या मागे. आपण आधी पलीकडे पोचून त्यांना वळवायचं, एवढंच काम. मी पोचायचो, पण भलतीकडेच, चिखलात. तोवर म्हशी उसात.

एकदा उसाच्या मालकानं म्हशी बांधूनच ठेवल्या. आमच्या मालकांना त्याच्या शिव्या खाऊन त्या सोडवून आणाव्या लागल्या. आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "अजून एकदा म्हशी उसात गेल्या की चंदगडची गाडी धरायची."

मी म्हणालो, धारेनं ओढलं.

"धार कुठली रं? बंधाऱ्याला फळ्या घालून पाणी अडिवलंय. पाणी उभं हाय. तूच वाकडा हाईस."

गावी जाऊन करणार काय? थोरल्या भावाचं घर त्याच्या पोराबाळांनाच पुरत नव्हतं. तिथं माझी वळकटी ठेवायला कोपरा उरला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मालक स्वतः नदीवर येऊ लागले. त्याला शिकवणं म्हणवत नाही. पायरीवर ओल्या मातीची ढेकळं घेऊन उभे राहायचे आणि मी डावीकडे गेलो की डाव्या कानाजवळ ढेकूळ येऊन पडायचं. धुणं धुणाऱ्या बायकांची करमणूक झाली. पावणं पाण्यातनंच गावाकडं निघाल्यात जणू, असं एकीनं मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणून घेतलं.

खूण धर, खूण धर, मालक ओरडायचे. मी खूण धरली ती म्होरक्या म्हशीच्या शिंगांची. समोर दुसरं दिसत काय होतं? ती वळली की मीही वळायचो. हे कळल्यावर मालक पायरीवर खाली बसले.

"लेका, ती चाललीया वाडं खायाला. तू कशाला तिच्या मागनं? जे हलत न्हाय ते बघ की."

हलत नव्हती ती पलीकडची, उसाला पाणी उपसणाऱ्या मोटारीची खोली. गंजक्या पत्र्याची, एका अंगाला कललेली. थोडे हात मारायचे, डोकं वर काढायचं, खोली कुठं आहे बघायचं, अंग सरळ करायचं. नाकात पाणी जायचं. मनातल्या मनात मालकांचा उद्धार चालायचा. असे कितीतरी दिवस गेले.

मग एका दुपारी म्होरकी खरंच निघाली. मालकांच्या हातात त्या दिवशी ढेकूळ नव्हतं. मी उडी टाकली. विहिरीसारखी डावी बाजू ओढत होती, आणि दर खेपेला डोकं वर काढून मी ती कललेली खोली शोधत होतो. पाय टेकले ते खोलीच्या बरोबर खाली. बांधावर उसाचा मालक काठी घेऊन उभा होता.

"आलासा व्हय पावणं," तो वैतागून म्हणाला.

मी कमरेइतक्या पाण्यात वळून उभा राहिलो आणि हात आपटत हाळी दिली. म्होरकी फुरफुरली, माझ्याकडे बघत राहिली, मग तोंड फिरवून माघारी निघाली.

घाटावर परत आलो तेव्हा दात वाजत होते. शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. मालक म्हणाले, अंग पूस, आणि उद्यापासनं मला इथं यायला लावू नगंस.

रात्री जेवताना मालकीणबाईंनी भीत भीत विचारलं, चंदगडच्या गाडीचं काय ठरलं.

"कुठली गाडी?" म्हणत मालकांनी भाकरीची चळत माझ्याकडे सरकवली. मी मान वर न करता जेवत राहिलो.