पत्रकावरचा जर्मन पैलवान

“सुमे, मिरजंला ये बिगीबिगी. जर्मन गावलाय!” एवढं बोलून मामाने फोन ठेवून दिला. पुण्यात हौसेने शिकलेली माझी जर्मन साताऱ्यात नुसती गंजत पडली होती. मी कारण न विचारता पिशवी भरली.

मामा सैन्यातून निवृत्त होऊन जत तालुक्यातल्या आपल्या गावी परतला होता आणि त्या कुस्तीवेड्या गावात त्याने फुटबॉल सुरू केला होता. भजनी मंडळाची वीणा दुरुस्तीला घेऊन तो मिरजेला गेला, तर त्या दुकानात एक जर्मन स्वतःसाठी सतार बनवून घेत बसलेला! तो निवृत्त फुटबॉलपटू आहे हे कळताच मामाने त्याला पाहुणा म्हणून गावच्या सामन्याचं आमंत्रण देऊन टाकलं. आता हवी होती दुभाषी.

तुम्हाला जायचं असेल तर सकाळची एसटी पकडा. पेठनाक्याला गाडी डावीकडे वळते आणि मग सांगलीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. तिकीट तेव्हा खिशाला जड नव्हतं आणि बरोबरच्या कंदी पेढ्यांपैकी निम्मे मी आष्ट्यापर्यंत संपवले.

मामा तयारीसाठी आधीच गावी गेला होता; दुसऱ्या दिवशी मी आणि त्याचा जर्मन, टोमास, मिरजेहून जतच्या गाडीत बसलो. हिरवळ मागे पडली, माळ सुरू झाले, मेंढरांसाठी गाडी दोनदा थांबली. मागच्या बाकावर कानडीत भांडण रंगलं होतं. टोमास खुशीत होता. तो दुसऱ्या श्रेणीच्या क्लबात मधल्या फळीत खेळायचा. एका सामन्यात गुडघा गेला, स्ट्रेचरवरून बाहेर नेलं आणि खेळ तिथेच संपला.

“मी मैदानातून चालत बाहेर आलोच नाही,” तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. “अजून स्वप्नात तिथेच असतो.”

गावच्या थांब्यावर चहाच्या टपरीवर पत्रक चिकटवलेलं होतं. ते वाचून मी कपाळाला हात लावला. आपल्याकडे कुस्तीच्या पत्रकात पाहुण्यांची नावं खाली असतात आणि सगळ्यात वर ज्याची मुख्य लढत त्याचं नाव. मामाने कौतुकापोटी टोमासचं नाव सगळ्यात वर, ठळक छापलं होतं. पंचक्रोशी त्याला खेळताना बघायला लोटली होती.

मैदानावर हलगी कडाडत होती. टोमासचा गुडघा धड वाकतही नव्हता. “माघार घेतोय काय रं?” कुणीतरी म्हणालंच. मी ते त्याला सांगितलं आणि त्याचा चेहरा उतरला. मामाला तर तोंड लपवायला जागा उरली नव्हती.

तेवढ्यात तालमीचे म्हातारे वस्ताद पुढे आले. “पोरी, इचार त्येला, गोल किती मारलं जल्मात?”

“चार,” टोमास म्हणाला.

“आँ? मग करत काय हुता?”

“चेंडू मिळवायचो आणि दुसऱ्याला द्यायचो.”

वस्तादांनी मांडीवर थाप मारली. “आवं, ह्यो तर पैलवानासंगं रोज जोर करणारा गडी! घाम ह्येचा, गदा दुसऱ्याची. असा गडी थकला की आमी त्येला मानानं आखाड्याची फेरी घडवून खेळातनं मोकळा करतो. फेटा आणा रं!”

फेटा बांधून, वस्तादांचा हात धरून टोमास लंगडत निघाला. पुढे हलगी, मागे अख्खं गाव. अर्ध्या फेरीत त्याने वस्तादांचा हात सोडून स्वतःचा वर केला. मग त्याने चेंडू मागितला आणि उभ्याउभ्याच पलीकडच्या गड्याच्या अगदी पायात टाकला. त्या गड्याने तो गोलखांबांवरून थेट ज्वारीत घातला! सगळ्यात मोठ्याने टोमासच हसला. मग तो रेषेपाशी थांबला आणि एकदा मागे वळून बघून बाहेर आला. मी रडले, अगदी मनसोक्त.

रात्री मामीचा झणझणीत रस्सा आणि भाकरी खाताना टोमासच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तो ताटावरून उठायला तयार नव्हता. मामा त्याला आग्रहाने वाढत होता.

परतताना सांगलीत भडंग घ्यायला विसरू नका. मी घेतलं होतं. घरी आईने पिशवीतून ते काढतच विचारलं, “मग, किती गोल मारले तुझ्या जर्मनाने?”

“एकही नाही,” मी म्हटलं. “पण चालत बाहेर आला.”