टपरीचं कुलूप

बॅटरीवरच्या स्कूटर तेव्हा नुकत्याच आल्या होत्या. मी घेतली, कारण तिला किक नव्हती. माझा उजवा पाय लहानपणापासून अधू. भाड्याच्या खोलीपासून फाट्यापर्यंत चालणं मला जमण्यासारखं नव्हतं आणि कंपनीची बस फाट्याच्या आत यायची नाही. गाडी गेली असती तर गाशा गुंडाळून मराठवाड्यात परत, दुसरं काय!

फाट्यावर चहाची टपरी होती. ती चालवणाऱ्या बाईंना मी मावशी म्हणायचे. त्यांच्याच खांबाला मी गाडी साखळीने बांधायचे आणि त्या रोज करवादायच्या, "गिऱ्हाइकानं बसायचं कुटं? एक दिस मीच कुलूप घालीन तुझ्या गाडीला, मग बस बोंबलत!"

मीही फटकळच. "घालून तर बघा," म्हणायचे.

त्या आठवड्यात फाट्यावरची एक गाडी चोरांनी ढकलत नेऊन तिच्या बॅटऱ्या काढून घेतल्या होत्या. आणि नेमकं त्याच आठवड्यात, बस हॉर्नवर हॉर्न मारत होती म्हणून मी गाडी तशीच लावून पळाले. साखळी डिकीतच राहिली. ऑफिसात पोचल्यावर आठवलं. दिवसभर कामात लक्ष म्हणून लागलं नाही.

संध्याकाळी उतरले. गाडी होती गं बाई! पण चाकात भलतीच साखळी आणि हे एवढं थोरलं गंजकं कुलूप. माझं डोकंच फिरलं.

"लाज नाही वाटत, मावशी? लंगड्या पोरीची गाडी अडवता?" अख्ख्या फाट्याला ऐकू जाईल अशी ओरडले.

मावशी टपरीत बसून होत्या. अंगावर ठेवणीतली जरीची साडी, केसांत सुकलेला गजरा.

"झालं बोलून? साखळी न लावताच पळालीस. मग मी बाकड्याची साखळी आन् टपरीचं कुलूप घातलं. कुलूप एकच हाय. टपरी उघडी टाकून मी जाऊ कशी?"

"कुठे जायचं होतं?"

"कोळवणला, बारशाला." त्यांनी तोंड फिरवलं. "भावाला लई वर्सांनी पोर झालंय. मी एकलीच आत्या. दुपारची जीप गेली."

आत्याच नाही तर नाव ठेवणार कोण? मला रडूच फुटलं. त्यांच्याकडून किल्ली घेतली, गाडीचं कुलूप काढून टपरीला लावलं आणि म्हटलं, "बसा मागे."

दोघींना घेऊन गाडी चढ चढेना. प्रत्येक चढाला मावशी उतरायच्या, पदर खोचून मागून रेटायच्या आणि गाडीला शिव्या घालायच्या.

कोळवणला पोचलो तेव्हा जेवणं उरकली होती. भाऊ पाळण्याशी बसून होता. "आक्का आल्याबिगर नाव ठिवायचं न्हाई, म्हनलं मी," तो म्हणाला.

मावशींनी वाकून बाळाच्या कानात 'कुर्र' केलं. रीतीप्रमाणे बायका हसत हसत त्यांच्या पाठीत धपाटे घालू लागल्या.

"तू बी घाल की," मावशी मान वळवून मला म्हणाल्या. "फाट्यावर तर लई जोर होता!"

माझा हात उठेना. मी तो त्यांच्या पाठीवर नुसता ठेवला. गाडी रेटून रेटून त्यांची पाठ घामाने भिजली होती.